फर्डिनंड पोर्शे आणि पोलादाचा पीळ

सुरतेजवळून जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४८ मुंबई, पुणे, सातारा, कोल्हापूर करीत आपल्या बेळगावास येतो आणि तसाच पुढे बंगळूरकडे जातो. सुरत ते वापी ह्या सपाट पट्ट्यात मोटारीची खरी परीक्षा होत नाही. ती होते घाटात. वळण आले की गाडीचा देह बाहेरच्या अंगाला कलतो, आत बसलेली माणसे एकमेकांवर रेलतात, आणि मागच्या बाकावरील एखाद्या आजीबाई देवाचे नाव घेऊ लागतात. हे कलणे आवरण्यासाठी मोटारीच्या पोटाखाली पोलादाचा एक दांडा आडवा टाकलेला असतो. त्याला कोणी स्टॅबिलायझर म्हणतात, कोणी अँटीरोल बार, तर हौशी तरुण मंडळी स्वे बार म्हणतात. इंग्रजी यू अक्षराच्या आकाराचा हा दांडा मध्ये रबरी बुशांनी गाडीच्या सांगाड्याला धरलेला असतो आणि त्याची दोन टोके डाव्या व उजव्या चाकाच्या बाहूंना जोडलेली असतात. दोन्ही चाके एकदम वर उचलली गेली तर दांडा आपल्या जागी निमूट फिरतो, विरोध करीत नाही. एक चाक वर आणि दुसरे खाली गेले, की त्याला पीळ बसतो, आणि पिळलेले पोलाद सरळ व्हायला पाहते. एवढाच त्याचा धर्म.

कॅनडातील स्टीफन कोलमन ह्याने १९१९ साली ह्या दांड्याचे पेटंट घेतले. परंतु पोलादाच्या पिळावर सबंध मोटारच तोलून धरावी हा विचार ज्याने जगभर रूढ केला तो माणूस म्हणजे फर्डिनंड पोर्शे. त्याचे नाव आज महागड्या वेगवान गाड्यांमुळे सर्वतोमुखी आहे. त्याचे आयुष्य मात्र तितकेसे परिचित नाही, आणि जे परिचित आहे त्यातील काही भाग सोयीस्करपणे गाळलेला असतो.

फर्डिनंडचा जन्म ३ सप्टेंबर १८७५ रोजी बोहेमियातील माफर्सडोर्फ ह्या गावी झाला. हा मुलूख तेव्हा ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होता, आज तो चेक प्रजासत्ताकात आहे. वडील अँटोन हे पत्र्याचे काम करणारे कसबी कारागीर होते. मुलाने आपलेच दुकान चालवावे ही त्यांची इच्छा होती. मुलाला वेड लागले विजेचे. गावातील गालिच्यांच्या कारखान्यात विजेचे दिवे आले होते; ते पाहून ह्या पोराने घरीच प्रयोग आरंभले आणि १८९३ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, आपल्या घरात विजेचा दिवा लावून दाखविला. त्याच वर्षी तो व्हिएन्नाला एका विद्युत्-यंत्रांच्या कारखान्यात नोकरीस लागला. काम संपले की तो तेथील तंत्रविद्यापीठात चोरून व्याख्याने ऐकायला जाऊन बसे. नाव घातलेले नाही, फी भरलेली नाही, परीक्षा दिलेली नाही! त्याला पदवी कधीच मिळाली नाही. पुढे व्हिएन्ना आणि श्टुटगार्ट येथील विद्यापीठांनी सन्मान्य डॉक्टरेट दिली आणि जर्मन रिवाजाप्रमाणे तो सर्वत्र डॉक्टर पोर्शे म्हणून ओळखला गेला. आपल्याकडे हजेरीपटाला फार महत्त्व आहे, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

१९०० साली पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात लोनर कंपनीची एक विजेची मोटार मांडली गेली. तिचा कर्ता पंचविशीतील पोर्शे. त्याने विजेचे मोटर थेट पुढच्या चाकांच्या तुंब्यांतच बसविले होते. ना साखळी, ना पट्टा, ना दातेरी चक्रे. कल्पना देखणी होती, आणि विजेच्या गाड्यांच्या आजच्या दिवसांत तिची पुन्हा आठवण काढली जाते. पण तिच्यात एक अडचण होती. चाकातच वजन भरले की चाक जड होते. खड्ड्यातून उसळलेले जड चाक पुन्हा जमिनीला टेकायला वेळ घेते, आणि जे चाक जमिनीला टेकलेले नाही ते गाडीला वळवूही शकत नाही आणि थांबवूही शकत नाही. स्प्रिंगच्या खाली किती वजन आणि वर किती, पुढे किती आणि मागे किती, हा हिशेब पोर्शेच्या पाठीस असा तरुणपणीच लागला. तो जन्मभर सुटला नाही, आणि माझ्या मते तो त्याला शेवटपर्यंत पूर्ण सुटलाही नाही.

१९०६ साली तो ऑस्ट्रो-डाइमलर कंपनीत मुख्य अभियंता झाला. १९१० च्या प्रिन्स हाइनरिख शर्यतीत त्याच्या गाड्यांनी पहिले तीनही क्रमांक पटकाविले, आणि पहिली आलेली गाडी तो स्वतः चालवीत होता. कागदावर रेघा ओढून दुसऱ्याच्या हाती चाक देणारा हा अभियंता नव्हता. पहिल्या महायुद्धात तोफा ओढण्याची यंत्रे केली. १९२३ मध्ये संचालकांशी बिनसले आणि तो श्टुटगार्टला डाइमलर कंपनीत आला; पुढल्याच वर्षी त्याच्या हाताखालून गेलेल्या मर्सिडीझने सिसिलीतील टार्गा फ्लोरिओ ही डोंगरी शर्यत जिंकली. १९२८ अखेर तेथेही बिनसले. मग ऑस्ट्रियात श्टायर, आणि तेही वर्षभरात सुटले. स्वभाव विलक्षण तापट. रागाच्या भरात डोक्यावरची हॅट जमिनीवर आपटून तो ती पायांनी तुडवी असे सांगतात. सुंभ जळेल पण पीळ जळणार नाही, ही आपली म्हण ह्या माणसाला शोभते.

शेवटी १९३१ च्या एप्रिलात, मंदीच्या ऐन कडाक्यात, त्याने श्टुटगार्टला स्वतःचे अभिकल्पन-कार्यालय थाटले. व्यवहार पाहायला आणि भांडवल उभे करायला अडोल्फ रोझेनबर्गर नावाचा गृहस्थ भागीदार होता. हा स्वतः नावाजलेला शर्यतपटू, आणि धर्माने ज्यू. हे नाव लक्षात ठेवावे.

त्याच वर्षीच्या ऑगस्टात पोर्शेने पिळाच्या दांड्याचे, म्हणजे टॉर्शन बारचे, पेटंट नोंदविले. तोवर बहुतेक मोटारी बैलगाडीच्या काळापासून चालत आलेल्या कमानपाट्यांवर बसत. पाट्यांचे वजन फार, त्यांची आपापसात घासाघीस होते, आणि जागाही बरीच लागते. पोर्शेने काय केले? पोलादाची एक सळई आडवी टाकली, तिचे एक टोक सांगाड्यात पक्के केले, दुसऱ्या टोकाला एक बाहू बसविला आणि बाहूच्या अग्रावर चाक. चाक वर गेले की सळई पिळली जाते. ओले धोतर पिळताना हाताला जो विरोध जाणवतो तोच येथे गाडीला उचलून धरतो. हलके, आटोपशीर, घासाघीस नाही. ही युक्ती पुढे इंग्लंडातील मॉरिस गाड्यांतही आली, आणि त्या घराण्यातून आलेल्या आपल्या अँबॅसडरच्या पुढच्या चाकांनाही कित्येक वर्षे असेच पिळाचे दांडे होते. आपल्या वडीलधाऱ्यांपैकी अनेकजण त्यांच्यावर बसून लग्नाला गेले असतील.

अशा दांड्याचा ताठपणा त्याच्या व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. सोळा मिलिमीटरच्या जागी अठरा मिलिमीटरचा दांडा घातला तर जाडीत फरक डोळ्यांना जेमतेम दिसतो, पण ताठपणा सुमारे साठ टक्क्यांनी वाढतो. जे पिळाच्या स्प्रिंगला लागू, तेच स्वे बारला लागू. कारण दोहोंचे कूळ एकच.

आता पोर्शेच्या गाड्यांतील खरा पेच पाहू. १९३४ पासून ऑटो युनियन कंपनीसाठी त्याने केलेल्या शर्यतीच्या गाड्यांत सोळा नळकांड्यांचे इंजिन चालकाच्या पाठीमागे होते. मागचा आस अखंड नसून गिअरपेटीपाशी सांधलेले त्याचे दोन अर्ध होते, आणि पाखराच्या पंखांसारखे ते वरखाली हलत. त्याला स्विंग अ‍ॅक्सल म्हणतात. सरळ रस्त्यावर ह्या गाड्या बाणासारख्या जात. जोरात घेतलेल्या वळणावर मात्र मागचा भाग वर उचलला जाई, बाहेरचे चाक आत मुडपे, टायरची पकड एकाएकी सुटे आणि गाडीचे शेपूट बाहेर झेपावे. बेर्न्ड रोझेमायरसारखा मोटारसायकलींवर तयार झालेला अलौकिक चालक ती सांभाळी. १९३६ साली तो युरोपचा विजेता झाला. इतरांचे हाल होत. १९३८ च्या गाडीत ऑटो युनियनने हा आसच बदलून टाकला, तेव्हा ते काम पोर्शेच्या हाती राहिलेले नव्हते.

येथे थोडे थांबून स्वे बारचे गणित समजून घेतले पाहिजे, कारण ते उलटे समजणारेच पुष्कळ. वळणावर आतल्या चाकांवरचा भार बाहेरच्या चाकांवर सरकतो. एकूण किती सरकावयाचा हे गाडीची उंची, रुंदी, वजन आणि वेग ठरवितात. दांडा त्यात फारसा ढवळाढवळ करू शकत नाही. त्यातला पुढच्या जोडीत किती आणि मागच्या जोडीत किती, ही वाटणी तेवढी दांडा ठरवितो. टायरची पकड भाराबरोबर वाढते खरी, पण त्या प्रमाणात वाढत नाही. म्हणून ज्या जोडीत भार जास्त सरकतो त्या जोडीची एकूण पकड घटते. मागे दांडा घातला की मागची पकड थोडी घटते. पुढे इंजिन आणि पुढचीच चाके ओढणारी, अशा आजच्या बहुतेक छोट्या गाड्यांचे नाक वळणात बाहेर पळते. त्यांना मागचा दांडा मानवतो, कारण पुढची व मागची बाजू समतोल होते. ज्या गाडीचे शेपूट आधीच उतावीळ आहे तिला मागे दांडा घालणे म्हणजे माकडाला मद्य पाजणे होय. तेथे दांडा पुढे हवा.

सुरतेस आमचे एक आप्त कापडाच्या धंद्यात आहेत. त्यांच्या चिरंजीवांनी आपल्या छोट्या गाडीला बाजारातून आणलेला मागचा दांडा बसवून घेतला. अशा गाड्यांत मागच्या दोन चाकांमध्ये एक पिळणारी तुळई मुळातच असते. नवा दांडा तिलाच बोल्टांनी आवळला जातो आणि तासा-दोन तासांत काम होते. फरक लगेच जाणवला. पुलांच्या त्या शहरात चढउतारांच्या वळणांवर गाडी पूर्वीसारखी झुकेना, नाक आज्ञेत राहू लागले. पहिल्या पावसात मात्र एका ओल्या वळणावर अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय एकदम काढताच शेपटाने हिसका दिला. दांडा सर्वांत जाड घेतला होता आणि मागचे टायर झिजलेले होते. पातळ दांडा आणि नवे टायर घातल्यावर तक्रार मिटली. खड्ड्यात एकच चाक गेले की गाडी पूर्वीपेक्षा अधिक डोलते, ही कुरकुर घरातील वडील मंडळी अजून करतात, आणि ती खरी आहे. दांडा दोन चाकांना एकमेकांच्या सुखदुःखात गुंतवितो.

पोर्शेकडे वळू. २२ जून १९३४ रोजी जर्मन मोटार-उद्योग संघाने त्याच्याशी जनतेच्या मोटारीचा, फोक्सवॅगनचा, करार केला. किंमत हजार मार्कांच्या आत हवी ही हिटलरची अट होती. मागे हवेने थंड होणारे इंजिन, चारी चाकांना पिळाचे दांडे, मागे तेच स्विंग अ‍ॅक्सल. स्वस्त, टिकाऊ आणि साधी अशी ही रचना होती यात वाद नाही. तीत सर्वच पोर्शेचे होते असे मात्र नाही. टाट्रा कंपनीच्या हान्स लेडविंका ह्याच्या गाड्यांशी तिचे साम्य इतके होते की टाट्राने दावा लावला, आणि युद्धानंतर फोक्सवॅगनला त्यापायी नुकसानभरपाई मोजावी लागली. २६ मे १९३८ रोजी कारखान्याची कोनशिला बसली. आठवड्याला पाच मार्कांची तिकिटे चिकटवून सुमारे ३ लाख ३६ हजार जर्मनांनी ह्या गाडीसाठी पैसे साठविले. युद्ध सुरू झाले आणि त्यांपैकी एकालाही त्या योजनेतून गाडी मिळाली नाही.

चरित्रलेखक येथे घाईने पुढे जातात. तसे जाता कामा नये. पोर्शे १९३७ साली नाझी पक्षाचा सभासद झाला. भागीदार रोझेनबर्गर ह्याचा दहा टक्क्यांचा हिस्सा १९३५ साली नाममात्र किमतीत काढून घेण्यात आला. त्याच वर्षी वंशविषयक आरोपाखाली त्याला अटक झाली आणि काही काळ छळछावणीत ठेवण्यात आले. सुटून तो देशोधडीला लागला व अमेरिकेत गेला. युद्धानंतर त्याने दाद मागितली तेव्हा पन्नास हजार मार्क आणि एक मोटार देऊन प्रकरण मिटविण्यात आले. युद्धकाळात फोक्सवॅगनच्या कारखान्यात लष्करी वाहने आणि शस्त्रे तयार होत, आणि ती तयार करणाऱ्यांत परदेशांतून धरून आणलेले वेठबिगार, युद्धकैदी आणि छळछावण्यांतील कैदी हेच बहुसंख्य झाले होते. वेठबिगार स्त्रियांची तान्ही मुले त्यांच्यापासून तोडून कारखान्याच्या एका बालगृहात ठेवीत. त्या मुलांपैकी तीनशेहून अधिक दगावली. कारखान्याचा कारभार पोर्शे आणि त्याचा जावई अँटोन पिएख यांच्या हाती होता. पोर्शे स्वतः ह्या वर्षांत रणगाड्यांच्या आराखड्यांत बुडालेला होता. त्यांतील माउस नावाचा १८८ टनांचा अजस्र रणगाडा तर कधी लढाईलाही गेला नाही. तो केवळ यंत्रात रमलेला भोळा तंत्रज्ञ होता असे त्याचे चाहते म्हणतात. मजूर मिळावेत म्हणून तो सत्ताधीशांकडे मागणी करीत होता, हे पाहता भोळेपणाचा हा युक्तिवाद मला पटत नाही. पुढे किती भार आणि मागे किती, हे जोखणाऱ्या माणसाला कोणाच्या खांद्यावर काय पडते आहे हे दिसत नव्हते, असे कसे म्हणावे?

डिसेंबर १९४५ मध्ये फ्रेंचांनी त्याला अटक केली. सत्तरीचा, प्रकृतीने खचलेला पोर्शे सुमारे वीस महिने बंदिवासात होता, त्यातील बराच काळ दिजोंच्या थंडगार तुरुंगात. मुलगा फेरी ह्याने इटलीतील चिसितालिया कंपनीसाठी शर्यतीची गाडी आखून दिली, आणि त्या कमाईतून दहा लक्ष फ्रँकांचा जामीन भरला गेला. १ ऑगस्ट १९४७ रोजी तो सुटला. १९४८ मध्ये ऑस्ट्रियातील ग्म्युंड येथे एका जुन्या लाकूड-गिरणीच्या आवारात फेरीने पोर्शे नावाची पहिली मोटार उभी केली. म्हाताऱ्याने ती पाहिली आणि त्याला ती पसंत पडली. नोव्हेंबर १९५० मध्ये तो व्होल्फ्सबुर्गच्या कारखान्यात जाऊन आला. तेथे आता फोक्सवॅगन गाड्यांचा पूर लोटला होता. त्यानंतर थोड्याच दिवसांत त्याला पक्षाघाताचा झटका आला आणि ३० जानेवारी १९५१ रोजी श्टुटगार्ट येथे त्याचा अंत झाला.

त्याने मागे ठेवलेला पेच मात्र रस्त्यावर धावत होता. अमेरिकेत जनरल मोटर्सने १९५९ च्या अखेरीस कॉर्व्हेअर ही मागे इंजिन असलेली मोटार काढली. आस तोच, पंखांसारखा. पुढचा स्टॅबिलायझर खर्च वाचविण्यासाठी वगळला होता. गाड्या उलटू लागल्या, माणसे मेली, खटले उभे राहिले. जाणते मालक बाजारातून जोडसामान आणून आपल्या खर्चाने बसवू लागले. कंपनीने १९६२ मध्ये जादा पैसे घेऊन तो दांडा देऊ केला आणि १९६४ मध्ये सर्व गाड्यांना बसविला. १९६५ साली राल्फ नेडर ह्याचे पुस्तक निघाले. त्याच्या पहिल्याच प्रकरणात ही कहाणी होती, आणि त्या पुस्तकाने उठलेल्या वादळातून १९६६ चा मोटार-सुरक्षेचा कायदा झाला. काही डॉलरांचा एक पोलादी दांडा!

फोक्सवॅगननेही १९५९ मध्ये आपल्या गाडीला पुढे स्टॅबिलायझर दिला. १९६६ मध्ये काही गाड्यांच्या मागच्या बाजूस आणखी एक दांडा आला, पण तो यू आकाराचा नसून झेड आकाराचा होता. त्याचे वर्तन अगदी उलट: एक चाक वर आणि एक खाली गेले तर तो गप्प, दोन्ही चाके मिळून एकाच दिशेने जाऊ लागली की तो पिळला जातो आणि त्यांना अडवितो. मागच्या टोकाला ताठर न करता त्याचा उतावळेपणा कमी करण्याची ही युक्ती होती. जुन्या फोक्सवॅगनची हौस असणारे लोक आजही हा झेड काढून टाकून त्या जागी जाड यू बसविताना दिसतात. त्यांनी तो आधी पुढे बसवावा आणि मग मागचा विचार करावा.

ह्या जुन्या घाटाची शेवटची गाडी ३० जुलै २००३ रोजी मेक्सिकोतील प्वेब्ला येथील कारखान्यातून बाहेर पडली. अशा २ कोटी १५ लाखांहून अधिक गाड्या तोवर निघाल्या होत्या. त्या शेवटच्या गाडीच्याही पुढच्या चाकांना, पोर्शेने आखल्याप्रमाणे, आडव्या नळ्यांत बसविलेले पोलादाचे पिळाचेच दांडे होते, आणि त्यांच्या खाली त्याच्या पश्चात घातलेला स्टॅबिलायझर.